मामा, आपला कोरिया

मामा, तुमच्या तेराव्याला जेवायला बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की गेली अकरा वर्षं आपण दोघं उत्तर कोरियावरून भांडत होतो.

पंगतीत तुमच्याबद्दल फार चांगलं बोललं गेलं. इतके स्वच्छ मंत्र म्हणणारा माणूस आता दशाश्वमेध घाटावर उरला नाही, असं एकजण म्हणाले. साताऱ्याहून आलेल्या एका यजमानांनी सांगितलं की गुरुजींनी घराण्यांच्या नोंदींची वही उघडून त्यांना त्यांच्या पणजोबांची सही दाखवली होती आणि ते घाटावरच रडले होते. सगळं खरंच होतं. मी भात वाढत होते आणि मनात येत होतं, यांना सांगावं का, की हे गुरुजी एका परक्या देशाला अण्वस्त्रं कशी टाकून द्यायला लावायची यावर दर रविवारी माझ्याशी तावातावाने वाद घालायचे? नाही सांगितलं. हसले असते. शिवाय मी ते सांगायला लागले असते तर दुसरी एक गोष्टही सांगावी लागली असती. ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती.

सोलहून मी बनारसला परत आले तेव्हा माझा प्रबंध नुकताच पुरा झाला होता. वर्षभर तिथे राहून कामापुरती कोरियन भाषा आली होती, आणि विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायची नोकरी लागल्यामुळे थोडी ऐटही आली होती. पहिल्याच रविवारी घाटावर आले. तुमचे सकाळचे यजमान आटोपले होते. छत्रीखाली लाकडी चौकीवर तुम्ही अखबार गुडघ्यांवर पसरून बसला होतात.

"ये वृंदे, बस. काय शिकून आलीस ते सांग. मला समजेल असं सांग, नाहीतर खामखा सांगू नको."

मी सांगितलं. एक देश, मधोमध तोडलेला. उत्तरेकडच्यांनी अणुबॉम्ब बनवलेत. ते त्यांना टाकून द्यायला लावायचे, हा दक्षिणेचा आणि तिच्या मित्रदेशांचा प्रश्न. एक गट म्हणतो, आधी सगळं टाका, आम्हाला आत येऊन तपासू द्या, मग व्यापार सुरू करू. तोवर चारी बाजूंनी कोंडून ठेवू. दुसरा गट म्हणतो, थोडं तुम्ही करा, थोडं आम्ही करतो, असं पुढे जाऊ.

"तू कोणत्या गटात?"

"पहिल्या. पूर्ण टाकल्याशिवाय काहीच द्यायचं नाही. माझा सगळा प्रबंध त्यावरच आहे."

तुम्ही अखबाराची घडी घातलीत. "बरं. आपण टाकून दिले का?"

"काय?"

"बॉम्ब. आपल्याजवळ आहेत ना? आपल्याला कोणी म्हटलं असतं, आधी टाका मग पान वाढतो, तर आपण टाकले असते?"

"मामा, आपली गोष्ट वेगळी आहे."

"हां. ती प्रत्येकाची वेगळीच असते."

मी आठवडाभर चिडून होते. पुढच्या रविवारी तयारी करून आले. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला.

माझ्या सहकाऱ्यांशी मी असे वाद कधी घातले नाहीत. तिथे शब्दांच्या आड लपता येतं. तुमच्यापुढे ती सोय नव्हती. एकदा मी 'प्रतिरोधन' म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "म्हणजे घाबरवणं ना? मग घाबरवणं म्हण. घाबरवणं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, घाबरलेला माणूस काय करतो?" तो प्रश्न मी नंतर किती मुलांना परीक्षेत घातला असेन! आणि घरी जेवायला आलो की मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमचं कोरिया झालं असेल तर पानं घेते."

त्याच वर्षी पितृपक्षात हान आजोबा आले.

पूर ओसरत होता. घाटाच्या खालच्या पायऱ्या अजून पाण्यात होत्या आणि वर ढोपरभर गाळ होता. एक कोरियन म्हातारे, पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यांच्या मुलीबरोबर बनारस बघायला आले होते. घाटावर लोक पाण्यात उभं राहून काय करताहेत, हे ते खुणांनी विचारत होते. तुम्ही मला फोन केलात, "ताबडतोब ये, तुझ्या भाषेचं माणूस आलंय."

मी त्यांना तर्पण म्हणजे काय ते सांगितलं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि ओंजळीने पाणी द्यायचं. हान आजोबा म्हणाले, माझ्या भावाला द्यायचंय.

"विचार, भाऊ केव्हा गेला?" तुम्ही म्हणालात.

मी विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही. युद्धात आईबाबा त्यांना घेऊन दक्षिणेकडे निघाले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. चौदा वर्षांचा भाऊ आजीजवळ थांबला. आजीला चालवत नव्हतं. चार-पाच दिवसांनी तिला घेऊन येतो, म्हणाला होता. मध्ये सीमा पडली. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. अशा भावंडांच्या भेटी सरकार कधीमधी घडवून आणतं. अर्ज करायचा आणि नाव निघायची वाट बघायची. हान आजोबांचं नाव कधी निघालं नव्हतं. आणि दोन्ही सरकारांचं बिनसलं की त्या भेटीही बंद होत.

तुम्ही दर्भ खाली ठेवलात. "त्यांना सांग, मला हे करता येणार नाही. भाऊ गेलाय असं कोणी सांगितलेलं नाही. जिवंत माणसाला पाणी कसं देऊ?"

मला ते सांगवेना. मी मराठीत कुजबुजले, "मामा, म्हाताऱ्याचं समाधान होईल. करा ना काहीतरी. त्यांना काय कळतंय?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मान खाली घातली. मग घरून यजमानांची वही मागवलीत. तीच, जिच्यात वाई, कऱ्हाड, सांगली अशी गावागावांची पानं आहेत. कोरं पान काढलंत आणि मला म्हणालात, "गावाचं नाव विचार." हान आजोबांनी उत्तरेतल्या त्यांच्या गावाचं नाव सांगितलं. ते तुम्ही पानाच्या डोक्यावर मोडीतून उतरलेल्या तुमच्या त्या तिरक्या देवनागरीत लिहिलंत. खाली आजोबा, वडील, मग दोन भाऊ. थोरल्याच्या नावापुढे लिहिलंत, 'हयात'.

"काय लिहिलं?" हान आजोबांनी विचारलं.

"जिवंत आहे," मी सांगितलं.

त्यांनी दोन्ही हातांनी तुमचा हात धरला आणि कमरेत वाकले. तुम्हीही वाकलात. तुमची टोपी गाळात पडली. त्यांच्या मुलीने ती उचलून रुमालाने पुसली.

ते गेल्यावर आपण तिथेच बसलो. नावाडी पंप लावून गाळ धूत होते. तुम्ही तिकडे बघत म्हणालात, "तुझ्या त्या पहिल्या गटाला इथे आणून बसव एकदा. हे मल्लाह काय करतायत बघ. पाणी ज्या पायरीवरून उतरलं, ती आजच धुवायची. खालच्या पायऱ्या अजून पाण्यात आहेत, सगळ्या एकदम धुऊ, असं म्हणून थांबलं, तर वरचा गाळ वाळून दगड होतो. मग कुदळ मारावी लागते आणि पायरीच फुटते. जी उघडी पडलीय ती धू. त्या म्हाताऱ्याला भावाला भेटू दे, ही उघडी पडलेली पायरी आहे. बॉम्ब अजून पाण्याखाली आहेत."

मी म्हणाले, "हा युक्तिवाद नाही, मामा. ही उपमा आहे."

पण तो युक्तिवाद होता. मला तेव्हाच कळलं होतं.

आता सांगायचं राहिलेलं सांगते.

दोनेक वर्षांनी दिल्लीत एक बंद दारामागची चर्चा होती. निवृत्त राजदूत, लष्करातले अधिकारी, आणि आम्ही थोडे मास्तर लोक. मी माझा कोंडून ठेवण्याचा निबंध वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका वृद्ध राजदूतांनी विचारलं, "कोंडून इतकी वर्षं झाली. शस्त्रं कमी झाली की वाढली?" मी निबंधाची पानं उलटली. आणि मामा, मी तोंड उघडलं तर बाहेर पडला तुमचा गाळ. उतरणारं पाणी, उघडी पायरी, वाळून दगड होणं, कुदळ, सगळं. शब्दसुद्धा तुमचेच, फक्त इंग्रजीत. ते राजदूत म्हणाले, "हे कुठून आलं?"

मी म्हणाले, "मी बनारसच्या घाटांवर वाढलेय. लहानपणापासून बघतेय."

तेवढंच. 'माझे मामा म्हणतात' हे तीन शब्द म्हणायचे होते. म्हटले नाहीत. तिथे एवढे मोठे लोक बसलेले, आणि मी दशाश्वमेधावरच्या तीर्थोपाध्यायाचं मत सांगणार? मला लाज वाटली, हे खरं कारण आहे. तुमची लाज वाटली.

पुढे त्याचा लेख झाला. लेखामुळे बोलावणी आली. माझी बाजू बदलली हे लोकांना धाडसाचं वाटलं. अनुभवातून बदललेली अभ्यासक, असं कोणीतरी लिहिलं. आणि एका रविवारी त्याचा हिंदी अनुवाद तुमच्याच अखबारात छापून आला. माझ्या फोटोसकट.

त्या दिवशी मी घाटावर येताना पाय ओढत आले. अखबार तुमच्या मांडीवर होता. घडी घातलेला, पण तेच पान वर. तुम्ही म्हणालात, "फोटो चांगला आलाय." मग एका यजमानाकडे वळलात. मी वाट बघत राहिले. तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत. मीही नाही.

त्यानंतर एक वर्ष असं आलं की तुमचा गाळ सगळ्या जगाने मान्य केल्यासारखं वाटलं. दोन्हीकडचे नेते सीमेवरची रेघ ओलांडून एकमेकांचा हात धरून उभे राहिले. आपण मामीच्या खोलीतल्या टीव्हीवर ते बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मामीने शिरा केला. भावंडांच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या. तुम्ही मला रोज विचारायचात, "हानांचं नाव निघालं का?" मी त्यांच्या मुलीला विचारायचे. नाही निघालं. मग बोलणी फिसकटली. एका बाजूने म्हटलं, आम्ही इतकं केलं, तुम्ही काय दिलंत? दुसरी म्हणाली, तुम्ही केलंत ते पुरेसं नाही. सगळे आपापल्या घरी गेले. भेटी थांबल्या. आणि थंडीत हान आजोबांच्या मुलीचं पत्र आलं की बाबा गेले.

तुम्ही त्यांचं तर्पण केलंत. त्यांच्या एकट्याचं. मी म्हटलं, "भाऊही आता पंच्याऐंशीला टेकला असता, मामा." तुम्ही म्हणालात, "आपल्या वहीत तो हयात आहे."

आणि त्या दिवसानंतर तुम्ही पलटलात.

पुढच्या रविवारी मी माझं, म्हणजे तुमचंच, म्हणणं मांडायला लागले, की खचून न जाता पुन्हा उघड्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही मला मध्येच तोडलंत. "आणि पुन्हा पूर आला तर?"

"म्हणजे?"

"दरवर्षी येतो. तू धुवायचं, त्याने गाळ आणून टाकायचा. तू पायरी धुतलीस की तो म्हणणार, ही तर झाली, आता पुढचीचं काय देतेस ते बोल. धान्य घेतो, तेल घेतो, वेळ घेतो, आणि आत बॉम्ब बनवतो. पहिला गट बरोबर होता. कोंडायचं तर पक्कं कोंडायचं."

मला वाटलं, गंमत करताय. तुम्ही गंमत करत नव्हतात. महिनोन् महिने तुम्ही हट्टाने कोंडणाऱ्यांची बाजू लढवलीत, आणि इतकी चांगली लढवलीत की माझा जुना प्रबंध तुमच्यापुढे फिका पडावा. मी तुमचेच शब्द तुमच्यावर फेकायचे आणि तुम्ही ते मोडून काढायचात. माझ्या मनात पाप होतं, म्हणून मी त्याचा अर्थ एकच लावला. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर सूड उगवताय. मी चोरलेली वस्तू माझ्या डोळ्यांदेखत फोडून टाकताय.

म्हणून तो रामनगरचा दिवस घडला.

माघातली सकाळ होती. नदीपलीकडे रामनगरला लस्सी प्यायला जायचं तुमच्या मनात आलं. आपण मोटरबोटीने निघालो. वाटेत पुन्हा तोच विषय. तुम्ही म्हणालात, "तुम्हा लोकांच्या लेखांनी काय झालं? म्हातारा भावाचं तोंड न बघता मेला." ते इतकं माझ्या जिव्हारी लागलं की मी सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला घाटापलीकडचं काय कळतं, मामा? चौकीवर बसून अखबार वाचणं वेगळं आणि अभ्यास वेगळा."

तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "खरंय."

बस. एवढंच. रामनगरला आपण लस्सी प्यायलो. तुम्ही माझ्या मातीच्या कुल्हडावर तुमची अर्धी मलई काढून दिलीत, लहानपणी द्यायचात तशी. मी माफी मागितली नाही. पुढच्या रविवारी आले तेव्हा तुम्ही नेहमीसारखंच विचारलंत, "काय म्हणतंय कोरिया?" मला वाटलं, विसरलात. विसरला नव्हतात, हे मला आता माहीत आहे. तुम्ही मला यायला जागा ठेवली होतीत.

यंदा तुमचे पाय सुजले आणि घाटावर जाणं बंद झालं. मी घरी यायला लागले. तुम्ही खिडकीजवळ पलंगावर, उशा टेकून. जाण्याआधी दोन दिवस, दुपारी, तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "आता काय चाललंय तिकडे?"

"आता निःशस्त्रीकरण हा शब्दच फारसं कोणी काढत नाही, मामा. उत्तरवाले म्हणतात, आमच्याजवळ आहेत, राहणार, संपला विषय. आता बोलणं एवढंच की चुकून उडू नयेत आणि आणखी वाढू नयेत."

"म्हणजे आपल्यापैकी कोण जिंकलं?"

"कोणीच नाही."

तुम्ही हसलात. धाप लागली. मी तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि ठरवलं, आता सांगायचं. "मामा, तो गाळाचा लेख..." एवढं म्हणाले. तुम्ही डोळे उघडलेत. तेवढ्यात मामी औषध घेऊन आली, तुम्हाला उठवून बसवलं, औषध अंगावर सांडलं, सदरा बदलावा लागला. त्यात तुम्ही थकून झोपलात. मी म्हटलं, परवा सांगू. परवा तुम्ही नव्हतात.

तेराव्याची भांडी आवरून झाल्यावर मी मामीपाशी बसले आणि तिला सगळं सांगितलं. दिल्लीचं, लेखाचं, लाज वाटल्याचं. मामी पदराला हात पुसत ऐकत होती.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी अखबार घेऊन घरी आले. रात्री जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, वृंदेने मागितलं असतं तर मी दिलंच असतं."

"दुसऱ्या दिवशी जरा बरे झाले. म्हणाले, पण माझं नाव घेतलं असतं तर त्या लोकांनी तिचं ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. चला, कोणाच्या का तोंडून होईना, बात पोचली."

"मग नंतर ते पलटले का, मामी? माझ्यावर राग म्हणून?"

"अगं वेडी का तू? हान गेले तेव्हा हा माणूस रडला होता माझ्यापाशी. म्हणाले, माझ्या बोलण्यात खोट आहे आणि ती आता पोरीच्या नावावर छापली गेलीय. कोणी तिला भर सभेत पकडलं तर? आधी मीच पकडतो, म्हणजे तिच्याजवळ उत्तर तयार राहील."

मामा, मी ते ऐकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. इतके महिने तुम्ही माझी तयारी करून घेत होतात आणि मी तुम्हाला घाटापलीकडचं काय कळतं असं विचारलं.

परत आत आले तेव्हा मामी तिथेच बसली होती. मी म्हणाले, "त्यांनी मला माफ केलं होतं तर."

"त्यांनी केलं," मामी म्हणाली. "मी नाही केलं. नाव घ्यायला हवं होतंस तू."

तिचं बरोबर आहे. तुमच्या मोठेपणावर मला सुटायचं नाही.

माझे लेख एकत्र करून त्यांचं पुस्तक निघतंय. दुसऱ्याच दिवशी मी संपादकांना पत्र लिहिलं की गाळाचा युक्तिवाद माझा नाही, तो माझ्या मामांचा आहे, लेखात तसं स्पष्ट छापा. आणि लेखाच्या शेवटी तुमचा दुसरा युक्तिवादही जोडला, पुन्हा येणाऱ्या पुराचा, जो माझ्या सगळ्या लेखाला सुरुंग लावतो. संपादकांचा फोन आला. मामांचं पूर्ण नाव, पद आणि संस्था कळवा, म्हणाले. मी नाव सांगितलं. पद, तीर्थोपाध्याय. संस्था नाही. मग ते म्हणाले, "असंच छापू?" मी म्हणाले, "असंच."

आज सकाळी तो नवा शेवट मराठीत करून मामीला वाचून दाखवला. आधी तुमची पहिली बाजू, मग दुसरी. तिने सगळं ऐकलं. चष्मा काढून ठेवला.

"हे दोन्ही त्यांचं झालं," ती म्हणाली. "तुझं काय?"

मामा, मला आधी राग आला. मग लक्षात आलं की एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. प्रबंधात होतं ते माझ्या गुरूंचं. लेखात होतं ते तुमचं. मी मामीसमोर तांदूळ निवडत बसले आणि विचार करत राहिले. दुपार झाली तेव्हा मला काहीतरी सापडलं.

मी म्हणाले, "मामी, कोंडणारे म्हणाले, भावांची भेट हे बक्षीस आहे, शस्त्रं टाकली की देऊ. मामा म्हणाले, भेट ही पहिली पायरी आहे, तिथून सुरू करू. पण पायरी म्हटलं की ती जिन्याचाच भाग झाली. जिना कोसळला तेव्हा तीही गेली. माझं म्हणणं असं की हान आजोबांना त्या जिन्यावर आणायलाच नको होतं. शस्त्रांचं बोलणं चालो, बिघडो, शंभर वर्षं लागोत. म्हाताऱ्या भावांची भेट त्याला बांधायचीच नाही. ती मागायची वेगळी, द्यायची वेगळी, आणि बाकी सगळं तुटलं तरी ती तुटू द्यायची नाही."

मामीने तांदळातला खडा बाजूला काढला. मग म्हणाली, "हं. आता यावर ते भांडले असते."

नक्कीच भांडला असतात. माझ्या या म्हणण्यातही खोट असणार. तुम्ही अखबाराची घडी घातली असतीत आणि एक साधा प्रश्न विचारला असतात, आणि मी आठवडाभर चिडून राहिले असते. संध्याकाळ झाली तरी मी तो प्रश्न शोधतेय. तुमचा आवाज आठवतो, बसणं आठवतं, प्रश्न विचारण्याआधी तुम्ही घसा साफ करायचात तेही आठवतं. त्याच्यापुढचं मला ऐकू येत नाही, मामा.